लाइल तिथे गेला होता का

१

सोमवारी सकाळी मार्शाचा फोन आला तेव्हा मी ओटमील ढवळत होते.

"व्हर्ना, ती फाइल नाहीये."

"कुठली फाइल?"

"कुठली काय विचारतेस? शनिवारी सपरला अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलीस ती."

मी गॅस बंद केला. ओटमील तसंच राहिलं.

कॉर्बेट मिल्सच्या टाउन ऑफिसात मी एक्केचाळीस वर्षं क्लार्क होते. जन्म, मृत्यू, लग्नं, कुत्र्यांची लायसन्सं, हरणाच्या शिकारीची लायसन्सं, सगळं माझ्या हातचं. आता त्या खुर्चीत मार्शा बील बसते. तरी दर शनिवारी सकाळी मी जाते आणि जुन्या नोंदवह्यांची सूची करते. त्या कागदांचा वास मला घरी मिळत नाही.

त्या शनिवारी दप्तरखोलीत, जन्मनोंदींच्या वह्यांमागे सरकवलेली एक पातळ तपकिरी फाइल हाताला लागली. वर 'कॉन्स्टेबल' असं लिहिलेलं. आत एकच कागद. निळ्या शाईतलं पत्र, माथ्यावर ऑफिसचा दोन जूनचा शिक्का, खाली सही कॉरीन ओएलेट. मी ते वाचलं नाही. कॉन्स्टेबलचे कागद क्लार्कनं वाचायचे नसतात, हे मीच मार्शाला शिकवलं होतं. पण तारीख आणि सही पुरेशी होती. फाइल मी कॉन्स्टेबलच्या खणात नेऊन ठेवली.

गेल्या ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांच्या जुन्या ग्रेंज हॉलमध्ये पत्त्यांचे, क्रिबेजचे डाव रंगले असताना कॉरीनचा भाऊ रेमंड रायफल घेऊन आत शिरला. सात माणसं गेली आणि शेवटी तोही. त्या सातांतला एक आमचा कॉन्स्टेबल, म्हणजे गावापुरता पोलीस, लाइल थिबोडो. बाकीचे टेबलांखाली शिरत होते तेव्हा तो दाराकडे चालत गेला.

कॉरीन तेव्हापासून सांगत होती की तिनं जूनमध्येच लेखी कळवलं होतं, भावाच्या बंदुका काढून घ्या म्हणून. कुणी मानलं नाही. मार्शाला काही आठवत नव्हतं आणि लाइल सांगायला उरला नव्हता. गावाचं ठरून गेलं होतं की हिला ठाऊक होतं आणि ही गप्प बसली. दुकानात ती रांगेत आली की पुढची बाई आपली ट्रॉली हळूच दुसऱ्या रांगेत नेई. एकदा मीही नेली होती.

येत्या गुरुवारी राज्याच्या विधिमंडळाची समिती आमच्या गावात सुनावणीला येणार होती. प्रश्न एका नव्या कायद्याचा होता. घरातलं माणूस धोक्याचं वाटू लागलं, तर घरच्यांना पोलिसांची वाट न बघता थेट न्यायाधीशाकडे जाता यावं, आणि त्यानं हुकूम दिला तर बंदुका काढून घेतल्या जाव्यात. कॉरीन साक्ष देणार होती. ते पत्र म्हणजे तिची सगळी अब्रू होती.

आणि मी शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरात बीन सपर चालू असताना, पावाला लोणी लावता लावता बोलून गेले, "पत्र आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

दप्तरखोलीच्या किल्ल्या तीनच आहेत. तिघंही किल्लीवाले तेव्हा माझ्याच टेबलावर बसून बीन्स खात होते.

२

समितीसाठी राज्य पोलिसांनी डिटेक्टिव्ह अयाला नावाची एक तरुण बाई पाठवली होती. बॉस्टनकडची, पायात शहरी बूट. दुपारी ती माझ्या दाराशी आली.

"मिसेस लेटन, मी इथे कुणाला काही विचारलं की तो हवामान सांगतो. तुम्ही बरोबर चला."

आधी आम्ही नॉर्म थिबोडोकडे गेलो. लाइलचा धाकटा भाऊ. त्याचं बंदुकांचं दुकान आहे, आणि लाइल गेल्यापासून कॉन्स्टेबलचं कामही तोच बघतो, म्हणून एक किल्ली त्याच्याकडे.

"नॉर्म, शनिवारपासून आजपर्यंत कुठे कुठे होतास?" मी विचारलं.

"आता तूही पोलीस झालीस का? शनिवारी डिनरला घरी गेलो, चाउडर खाल्लं, एकला दुकान उघडलं. सपरला तुझ्यासमोर बसून तुझं भाषण ऐकलं. रविवारी तळ्यावर बर्फात भोक पाडून बसलो होतो. एक मासा मिळाला. साक्ष हवी तर तो फ्रीजमध्ये आहे, विचार त्याला."

अयाला हसली नाही. "रेमंडला रायफल तुम्हीच विकलीत."

"हो. कागद सगळे बरोबर होते. सरकारनं तीनदा तपासलेत." तो स्टोव्हचं दार उघडून लाकूड सारू लागला. "त्या पत्राची मला भीती असलीच तर एवढीच आहे की लाइलनं ते वाचलं असेल आणि..." पुढचं त्यानं स्टोव्हलाच सांगितलं.

काउंटरवर दुकानाचं नाव छापलेल्या पिवळ्या पॅडांची चवड होती. फुकट असतात, गावात घरोघरी एक आहे. अयालानं त्यातलं एक उचलून पाहिलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हा काहीतरी लपवतोय."

"रडू लपवतोय," मी म्हटलं. पण माझीही खात्री नव्हती. भावाच्या नावासाठी माणूस काय करील, सांगता येत नाही.

मार्शा काउंटरमागे उभी होती. आम्हाला बघताच तिनं हाताची घडी घातली.

"निवडणुकीचे दिवस होते. टपाली मतपत्रिका मागणाऱ्यांची रांग दारापर्यंत. कुणी काय हातात दिलं त्यावर शिक्का मारला आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकलं. आठवत नाही म्हणाले ते खोटं नव्हतं."

"फाइल जन्मनोंदींच्या मागे कशी गेली?"

"मला काय माहीत? तुझ्या काळात असं झालं नसतं, म्हणून टाक एकदाचं."

"मी काही म्हटलं नाही."

"तुझा चेहरा म्हणतोय. शनिवारी सपर झाल्यावर मी घरी गेले, गुडघ्याला शेक घेतला आणि झोपले. लिहून घ्या."

तिसरी किल्ली वॉरन प्रेस्कॉटची. तो बावीस वर्षांपूर्वी कनेटिकटहून आला, गिरणीमालकाचं जुनं घर घेतलं, आमच्यासारखे चौकड्यांचे लोकरी शर्ट घालू लागला. आता गावाच्या कारभारी मंडळाचा प्रमुख आहे, आणि नोव्हेंबरपासून विधिमंडळात आमचा प्रतिनिधी. त्याच्याकडे जावं लागलं नाही. तोच माझ्याकडे आला, हातात ॲपल पाय घेऊन.

"तुम्हाला कुणी दोष देत नाही, मिसेस लेटन. मी चर्चमधून थेट घरी गेलो, लिंडा सांगेल. माझं म्हणणं एवढंच की गावाला आता शांतता हवी. नव्या पुलाला लाइलचं नाव द्यायचं ठरवतोय."

"आणि कॉरीनचं काय?"

"बिचारी. तिला कुणाला तरी दोष द्यायचाय." तो उठला. "रविवारी डिनरला या ना. लिंडा कोकराचं मटण करणार आहे. सात वाजता."

"सातला मी अंथरुणात असते, वॉरन."

तो मनापासून हसला. ॲपल पाय चांगला होता, हे कबूल करायला हवं.

मंगळवारी सकाळी पुन्हा मार्शाचा फोन. या वेळी तिचा आवाज अगदी खाली होता.

"फाइल परत आलीये. कॉन्स्टेबलच्या खणात. पण व्हर्ना, आत आता दोन कागद आहेत."

३

कॉरीनचं पत्र तसंच होतं. त्याला टाचणीनं एक पिवळा कागद जोडलेला, नॉर्मच्या दुकानाच्या पॅडाचा. पेन्सिलीनं लिहिलेली मोठी, सुटी अक्षरं. लाइल शाळेपासून तसंच लिहायचा. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे उड्या मारायची, म्हणून तो एकेक अक्षर दाबून बसवायचा. दहा वर्षांचा असताना शिकारीच्या पहिल्या लायसन्सावर त्यानं माझ्या काउंटरवर सही केली, तेव्हा कागद फाटला होता. मी दुसरा दिला.

चिठ्ठीत होतं:

'४ जून. डिनर झाल्यावर कॉरीन ओएलेटकडे गेलो. तिनं पोर्चवरचा दिवा लावला होता. म्हणाली, रागात लिहिलं, भावाचं काही नाही, पत्र मागे घेते. बंदुका कपाटात, कुलपात. पुढे काही करायचं नाही. एल. टी.'

अयालानं ती दोनदा वाचली. "म्हणजे कॉन्स्टेबल गेला होता, आणि बहिणीनंच शब्द फिरवला. नव्या कायद्याचं काय होणार ते दिसतंच आहे. घरचेच दुसऱ्या दिवशी मागे घेतात, मग न्यायाधीश काय करील?"

"अक्षर तपासता येईल ना?"

"येईल. दोन आठवड्यांनी. सुनावणी परवा आहे."

दुपारी मी कॉरीनच्या दारात उभी राहिले. तिनं जाळीचं दार उघडलं नाही.

"लाइल आला नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. आठवडाभर मी कामावरून आले की खिडकीत बसायचे."

"पण चिठ्ठीत..."

"मिसेस लेटन, मला बघून तुम्ही रांग बदलली होती. आज काय बघायला आलात?"

घरी येताना वाटेत मनात येत राहिलं, भाऊच शेवटी. मागे घेतलंही असेल. आणि लाइल गेला असावा, असं मला फार वाटत होतं.

४

बुधवारी सकाळी थेल्मा आली. लाइलची बायको. ऑगस्टपासून ती कुणाकडे गेली नव्हती. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. चिठ्ठीची प्रत होती.

"वॉरननं आणून दिली. व्हर्ना, तो गेला होता गं."

मी कॉफी ओतत होते.

"लोक माझ्यासमोर काही बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं. तिनं खरंच कळवलं असेल तर लाइल काय करत होता? मी रोज त्यालाच विचारायचे, त्याच्या टोपीकडे बघून. आता विचारायला नको. गेला होता. त्याचं काम त्यानं केलं होतं."

तिनं तो कागद टेबलावर हातानं सपाट केला, पुन्हा घडी केली. इतक्या महिन्यांनी तिनं दोन बिस्किटं खाल्ली. मी ती मोजली.

ती गेल्यावर तासाभरात अयाला वैतागून आली.

"ती कॉरीन मला खेळवतेय. खोटं बोलणारी माणसं मी ओळखते."

"काय म्हणाली?"

"मी विचारलं, चार जूनला डिनरनंतर कुठे होतीस? म्हणाली, नर्सिंग होममध्ये, कामावर, तीन वाजेपर्यंत. मी रात्रीचं विचारतेय, ही दुपारचं सांगतेय. दोनदा विचारलं, दोनदा तेच."

मी कप खाली ठेवला.

५

"तुम्ही तिला कुठला शब्द वापरलात?" मी विचारलं.

"डिनर. चिठ्ठीत तोच आहे."

"तुम्ही डिनर कधी जेवता?"

"सातला, साडेसातला. का?"

"आणि बारा वाजता?"

"लंच." ती माझ्याकडे म्हातारी बरळतेय की काय अशा नजरेनं पाहू लागली.

"कॉर्बेट मिल्समध्ये लंच कुणी जेवत नाही. बारा वाजता जेवतो ते डिनर. संध्याकाळी पाचला सपर. माझी आई तसंच म्हणायची, लाइलची आई तसंच म्हणायची, कॉरीनचीही. तिनं तुमच्या प्रश्नाचं अगदी सरळ उत्तर दिलं. डिनरनंतर ती कामावर होती."

अयालानं प्रत काढली. ओठ हलवत वाचली.

"मग लाइल दुपारी एकला गेला असेल."

"जून महिन्यात, दुपारी एकला, पोर्चवर दिवा? आणि नर्सिंग होमची हजेरी तुम्हाला उद्यापर्यंत मिळेल. ती घरी नव्हतीच." मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ होती. चित्र पुरं व्हावं म्हणून त्यानं दिवा लावला. लाइलनं संध्याकाळ लिहिली असती तर सपर लिहिलं असतं. अक्षर लाइलसारखं काढता आलं. जेवण नाही."

"नॉर्म?"

"नॉर्मनं तुमच्यासमोर सांगितलं, डिनर करून एकला दुकान उघडलं. मार्शाच्या सात पिढ्या इथे पुरल्यात. तीही सपरच म्हणाली."

"म्हणजे राहिला एकच."

"मला सात वाजता डिनरला बोलावणारा," मी म्हटलं. "मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी कोकराच्या मटणाचा विचार करत होते."

वॉरन त्याच्या ऑफिसात एकटाच होता. अयालानं नमस्कार वगैरे केला नाही. त्याच्या टेबलावरचं पिवळं पॅड उचललं आणि खिडकीशी नेऊन तिरपं धरलं. लाइलचं अक्षर काढायचं म्हणजे पेन्सिल दाबावी लागते. खालच्या कोऱ्या पानावर खड्डे उमटले होते. 'पोर्च' हा शब्द मलाही चष्म्याशिवाय वाचता आला.

वॉरननं टेबलावरची पेन्सिल उचलून खणात टाकली.

"लाइल पत्र घेऊन माझ्याकडे आला होता," तो म्हणाला. "काय करू, असं विचारायला. पुढच्या मंगळवारी पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान होतं. कुणाच्या बंदुकीला हात लावू देणार नाही, एवढं एकच मी लोकांना सांगत होतो. माझ्याच गावच्या कॉन्स्टेबलनं त्या आठवड्यात कुणाच्या घरातून बंदुका उचलल्या असत्या, तर संपलं होतं. मी म्हटलं, मतदान होऊ दे. मग जुलै आला. मग म्हटलं, आता काय, फाडून टाक ते."

"त्यानं फाडलं नाही," मी म्हटलं.

"ते मला शनिवारी तुमच्याकडून कळलं. पत्र तुम्ही पाहिलं होतं, म्हणजे नुसतं नाहीसं करून भागणार नव्हतं."

शिक्का मारलेला कागद लाइल फाडू शकला नसता. मी त्याला लहानपणी काउंटरवरून दटावून सांगितलं होतं की शिक्का पडला की तो कागद गावाचा. जन्मनोंदींच्या मागे हात घालणारं माणूस ऑफिसात एकच होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यानं ते माझ्यासाठी ठेवलं होतं. स्वतः सांगायचा धीर झाला नाही. आणि ऑगस्टमध्ये रेमंडला दारात बघून बाकीचे खाली वाकले तेव्हा तो पुढे का गेला, हेही मला त्या क्षणी कळलं. कळायला नको होतं.

"मी काय वाईट केलं?" वॉरन हळू आवाजात म्हणाला. "थेल्माला तिचा नवरा परत दिला. ती चिठ्ठी खोटी म्हणून सांगा, सगळ्यांना कळेल की लाइल गेलाच नव्हता. तिला कोण सांगणार? तुम्ही?"

६

मीच सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला, सपरच्या वेळी. थेल्मानं सगळं दारातच ऐकून घेतलं. तिच्यामागे टेबलावर एकच ताट मांडलेलं दिसत होतं. मी बोलायची थांबल्यावर तिनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. एक्केचाळीस वर्षांत मी गावाला बऱ्याच वाईट बातम्या दिल्या, पण तोवर कुणी मला पायरीवर ठेवून कडी घातली नव्हती.

गुरुवारी टाउन हॉल भरला होता. वॉरनची खुर्ची रिकामी होती. नॉर्म भिंतीला टेकून उभा, डोळे जमिनीवर. थेल्मा दुसऱ्या रांगेत, कोट घालून, मांडीवर पर्स. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मला सगळ्यांत आधी बोलावलं. मी जे झालं ते सांगितलं. डिनर आणि सपर सांगितलं तेव्हा समितीतला एक गृहस्थ हसला, आमच्यातलं कुणी हसलं नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला ते ऐकताच कळलं होतं.

"म्हणजे कॉन्स्टेबल थिबोडो त्या घरी गेले नव्हते, असं तुमचं म्हणणं आहे?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

लाइलला मी तो दहा वर्षांचा असल्यापासून पाहत आले होते. मी म्हटलं, "नाही. तो गेला नव्हता."

मग कॉरीनला बोलावलं आणि तिचंच पत्र तिच्या हातात दिलं. तिनं सुरुवात केली. "कॉन्स्टेबल थिबोडो यांस. माझ्या भावाकडे सहा बंदुका आहेत. तो तीन आठवडे झोपलेला नाही. ग्रेंज हॉलमधली माणसं आपल्यावर हसतात असं तो म्हणतो..."

तिचा आवाज खाली खाली जात होता. मागे खुर्च्या सरकू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "चला, पुरे झालं." दोघं कोट घालून दाराकडे निघाले. कॉरीन थांबली. कागद धरलेला हात खाली आला.

तेव्हा थेल्मा उठली. मला वाटलं, तीही निघाली. नॉर्मलाही तसंच वाटलं असावं, तो तिला वाट करून द्यायला पुढे झाला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं, मागे वळून त्या दोघांकडे ते खाली बसेपर्यंत पाहत राहिली, आणि मग समोर तोंड केलं.

"पहिल्यापासून वाच, कॉरीन," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं. मागे ऐकू जात नाही."